लेबल छापणारा थर्मल प्रिंटर: घरगुती ऑनलाइन व्यवसायाच्या कसोटीवर

घरून खाद्यपदार्थ, साबण, दागिने किंवा शिवणकामाच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांमध्ये सध्या चार इंची थर्मल लेबल प्रिंटरची बरीच चर्चा असते, आणि विक्रेतेही तो घेतल्याशिवाय व्यवसाय चालणारच नाही अशा आविर्भावात विकतात. आमचा व्यवसाय मेतकूट, थालीपीठ भाजणी, गोडा मसाला आणि कोरड्या चटण्यांचा असून तो धायरीतल्या राहत्या घरातून चालतो. माल पुण्यातल्या पेठांपासून बंगळुरूला नोकरीनिमित्त गेलेल्या मुलामुलींपर्यंत सगळीकडे जातो. आमच्या प्रिंटरने एक कडक उन्हाळा, एक पावसाळा आणि दिवाळीची गर्दी पाहिलेली आहे, तेव्हा त्याच्याविषयी लिहायला आता हरकत नाही. मत आधीच सांगून टाकते. जो कागद आठवडाभर टिकला की त्याचे काम संपते, त्या कागदासाठी हे यंत्र उत्तम आहे. जो कागद ग्राहकाच्या स्वयंपाकघरात तीन-चार महिने वाचता आला पाहिजे, त्यासाठी ते घेऊ नये. विकणारा मात्र दोन्ही कामे याच एका यंत्रावर होतील असे सांगतो.

यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच रचनेची यंत्रे बाजारात अनेक नावांनी मिळतात आणि नाव बदलले तरी गुणदोष बहुधा तेच राहतात. ओळखण्याच्या खुणा सांगते: कागदाची रुंदी चार इंचांपर्यंत, छपाईची सूक्ष्मता २०३ डीपीआय (एका इंचात २०३ ठिपके), जोडणी यूएसबी आणि ब्लूटूथ अशी दोन्ही प्रकारची, वीज २४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर, आणि शाई, टोनर किंवा रिबन यांपैकी काहीही नाही. आकाराने तो पावाच्या लादीएवढा आहे, त्यामुळे जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसतो आणि जेवायच्या वेळी उचलून ठेवता येतो. घरातून व्यवसाय करणाऱ्यांना या दुसऱ्या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

शाई नसताना अक्षरे उमटतात ती कागदावरच्या लेपामुळे. थर्मल कागदाच्या पृष्ठभागावर एक रंगहीन रंजकद्रव्य आणि त्याला रंग आणणारे सौम्य आम्लधर्मी द्रव्य एकत्र पसरलेले असते. प्रिंटरच्या हेडमधले सूक्ष्म तापक ज्या ठिकाणी तापतात त्या ठिकाणी ही द्रव्ये वितळून एकमेकांत मिसळतात आणि तेवढा ठिपका काळा होतो. एटीएमच्या पावतीचा आणि दुकानातल्या बिलाचा कागद हाच. काळे होण्याची क्षमता अशा रीतीने कागदातच आधीपासून असते आणि छपाई झाली म्हणून ती संपत नाही. पुढे जे दोष सांगणार आहे त्यांतले बहुतेक याच एका गोष्टीतून निघतात: उष्णता लागली तर कागद आणखी काळवंडतो, आणि तेल, अल्कोहोल किंवा प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये लागली तर हीच क्रिया उलटी फिरून छापलेली अक्षरे फिकट होतात.

प्रथम जे चांगले आहे ते. हा प्रिंटर येण्यापूर्वी कुरिअरच्या पॅनेलवरून, म्हणजे ऑर्डर नोंदवायच्या त्यांच्या संकेतस्थळावरून, आलेली पीडीएफ ए४ कागदावर लेझर प्रिंटरने छापायची, कात्रीने तिचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भाग कुरिअर बॅगेच्या पीओडी जॅकेटमध्ये (बाहेरच्या पारदर्शक खिशात) सरकवायचा किंवा खोक्यावर पारदर्शक टेपने चिकटवायचा, असा क्रम होता. यात कापण्याचा आणि चिकटवण्याचा वेळ जातो हे दिसते, परंतु खरा वेळ जातो तो जुळवण्यात. चार लेबले एकदम कापून टेबलावर ठेवली की कोणते लेबल कोणत्या खोक्याचे हे पुन्हा तपासावे लागते, आणि बंद झालेला खोका बाहेरून काही सांगत नाही. थर्मल प्रिंटरवर एका ऑर्डरचे एक लेबल निघते, ते सोलून त्याच क्षणी समोरच्या खोक्यावर लागते, आणि मगच पुढची ऑर्डर उघडली जाते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, फराळाच्या भाजण्यांची मागणी एकदम वाढते तेव्हा, या सरळ क्रमामुळे कामात जी शांतता येते तिच्यासाठीच मी हे यंत्र पुन्हा विकत घेईन.

दुसरा लाभ विक्रेत्याने सांगितलेला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या आणि स्पीड पोस्टाने जाणाऱ्या ऑर्डरींसाठी लेबलची मांडणी आपली आपण करता येते. आम्ही १०० × १५० मिलिमीटरच्या लेबलचे आडवे तीन भाग पाडले: वर ग्राहकाचा पत्ता, मध्ये आमचा पत्ता आणि पोस्टाच्या खिडकीवर त्यांचा बारकोड लागतो त्यासाठी सोडलेली मोकळी जागा, आणि खाली ठळक मराठीत ‘मेतकूट २, थालीपीठ भाजणी १, जवस चटणी १’ अशी यादी. पॅकिंगला येणाऱ्या ताईंना इंग्रजी यादी कोणी वाचून दाखवण्याची गरज आता राहिलेली नाही. त्या स्वतः लेबल काढतात, यादीप्रमाणे पाकिटे मोजून घेतात आणि खोका बंद करतात. कुरिअरच्या पॅनेलवरून येणाऱ्या लेबलांवर मात्र ही सोय मिळेलच असे नाही, कारण काही ठिकाणी वस्तूचे नाव मराठीत नोंदवले तर तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. हा दोष प्रिंटरचा नसला तरी शिव्या त्यालाच बसतात.

पत्त्याच्या भागात पिनकोड सर्वांत मोठ्या अक्षरात ठेवावा, अगदी नावाहूनही मोठ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली, आणि ते संस्कृतचे पंडित होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते आणि चुकलेली स्पेलिंगे यांतून टपाल सुटावे म्हणून त्यांनी आकड्यांचा आधार घेतला. पुण्यातले पत्ते पाहता हा आधार अजूनही लागतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या पत्त्यांपैकी निम्म्यांमध्ये ‘मारुती मंदिराच्या मागे’, ‘जुन्या पिठाच्या गिरणीसमोर’ अशाच खुणा असतात आणि रस्त्याचे नाव शोधूनही सापडत नाही. पिनकोडचे पहिले तीन आकडे छाननीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन वितरण करणारे टपाल कार्यालय; ते लांबूनही वाचता आले तर बाकीचे पोस्टमनला ठाऊक असते.

आता बसवणुकीविषयी. पहिल्या दिवशी जो त्रास होतो तो जवळजवळ सगळा आकाराच्या घोळामुळे होतो. कुरिअरच्या पॅनेलमध्ये लेबलचा आकार मुळात ए४ धरलेला असतो. तो बदलून ‘थर्मल’ किंवा ‘४ × ६ इंच’ असा करावा लागतो. तसे न करता ए४ ची पीडीएफ या प्रिंटरकडे पाठवली तर तो निमूटपणे तिला लहान करून छापतो, लेबल दिसायला सुबक येते आणि कुरिअरच्या मुलाच्या मोबाइलवर बारकोड काही केल्या उमटत नाही. कारण साधे आहे. २०३ डीपीआय म्हणजे एका मिलिमीटरला आठ ठिपके. बारकोडातली प्रत्येक रेघ पूर्ण ठिपक्यांत बसली तर तिची रुंदी बरोबर राहते, आणि चित्र आक्रसले की काही रेघा एका ठिपक्याने जाड होतात, काही बारीक. बारकोड वाचणारे यंत्र रेघांच्या रुंदीचे गुणोत्तरच वाचत असल्यामुळे ते अडते. म्हणून छपाईच्या खिडकीतला ‘फिट टू पेज’ हा पर्याय कायमचा बंद करून प्रमाण १०० टक्के ठेवावे.

नवा रोल घातल्यावर कॅलिब्रेशन करावे लागते, म्हणजे दोन लेबलांमधली फट कुठे आहे हे प्रिंटरच्या सेन्सरला शिकवावे लागते. बटण दाबून धरले की तो दोन-तीन कोरी लेबले पुढे सरकवतो आणि थांबतो. तेवढी लेबले वाया जातात म्हणून हा टप्पा टाळला तर पुढे छपाई हळूहळू सरकत जाऊन पत्ता दोन लेबलांवर विभागला जातो.

देवनागरीचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे, कारण विकत घेताना तो कोणी विचारत नाही. या प्रिंटरच्या स्वतःच्या स्मरणात इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात, देवनागरी नसते. त्यामुळे मराठी मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो. संगणकावरून ड्रायव्हर ते काम आपोआप करतो, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मात्र कधी जोडाक्षरे सुटी होतात, तर कधी र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. मजकूर संगणकावर तयार करून त्याची पीडीएफ छापणे हा त्यावर खात्रीचा उपाय आहे. अक्षरांचा आकार आठ पॉइंटांच्या खाली नेऊ नये. त्या आकारात ‘महाराष्ट्र’ या शब्दातला ‘ष्ट्र’ भरून येऊन काळा डाग दिसतो, आणि ठळक टंक वापरला तर अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. ३०० डीपीआयच्या प्रिंटरवर मिलिमीटरला सुमारे बारा ठिपके मिळतात व अक्षर बरेच सुटसुटीत येते, परंतु पत्त्याच्या लेबलासाठी तेवढी किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही. व्यवसायाचे बोधचिन्ह छापायचे असेल तर ते निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पुन्हा काढून घ्यावे. करड्या छटा हा प्रिंटर ठिपक्यांत मोडतो आणि मग नाजूक वेलबुट्टी धुळीसारखी दिसते.

उन्हाळ्यात काय होते ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान त्याहून कितीतरी अधिक होते. अशा गाडीच्या काचेजवळ दुपारभर राहिलेल्या लेबलाची पांढरी जागा करडी होते. चार दिवसांत घरपोच होणाऱ्या खोक्याला यामुळे बाधा येत नाही, कारण बारकोड वाचला जाईल एवढा फरक काळ्या-करड्यात शिल्लक राहतो. न वापरलेले रोल मात्र स्वयंपाकघराच्या माळ्यावर किंवा गॅसच्या वरच्या कपाटात कधीही ठेवू नयेत. आम्ही ते पलंगाखाली, मूळ पिशवीत बंद करून ठेवतो.

पावसाळ्यातला अनुभव अपेक्षेपेक्षा बरा आहे. थर्मल लेबलवर पाण्याचे थेंब पडले तर इंकजेटच्या छपाईसारखी अक्षरे पसरत नाहीत. तथापि लेबलाचे रक्षण व्हावे म्हणून त्यावर पारदर्शक टेप लावण्याची जी सवय आपल्याला लेझरच्या कागदामुळे लागलेली असते ती इथे मोडावी लागते: टेपच्या चिकटातली द्रव्ये थर्मल लेपात उतरून छपाई फिकी करतात, शिवाय चकाकीमुळे मोबाइलला बारकोड वाचणे अवघड जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही खोका प्लॅस्टिकच्या कुरिअर बॅगेत घालून लेबल बॅगेच्या बाहेर लावतो, टेप न लावता. तेलाचे मात्र जपावे. शेंगदाण्याच्या चटणीचे तेल पाकिटातून किंचित जरी झिरपले, किंवा पॅकिंग करताना बोटांना लागलेले असले, तरी त्या जागची अक्षरे दोन-तीन दिवसांत विरून जातात. लेबल लावणारा हात कोरडा असावा, एवढे घरात सांगून ठेवावे लागते.

इथून आपण त्या कामाकडे येतो ज्यासाठी हे यंत्र घेऊ नये असे मी सुरुवातीला म्हटले. पाकिटावरचे लेबल हे पत्त्याच्या लेबलासारखे नसते, त्याच्यामागे कायदा उभा असतो. खाद्यपदार्थांच्या बाबतीत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलविषयक विनियम आणि वैध मापनशास्त्राचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम असे दोन्ही लागू होतात. पदार्थाचे नाव, प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्ये, अ‍ॅलर्जीकारक घटकांचा उल्लेख, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, आणि चौदा आकडी नोंदणी किंवा परवाना क्रमांक असा हा ऐवज आहे. त्यांतल्या काही बाबींत लहान उत्पादकांना सवलती आहेत, त्या आपापल्या नोंदणीप्रमाणे तपासून घ्याव्यात. माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी त्याच्या जोडीला देता येते, पण फक्त मराठीवर भागत नाही, हे आपल्याकडच्या अनेक घरगुती पाकिटांवर लक्षात घेतलेले दिसत नाही.

या सगळ्यात थर्मल प्रिंटर दोन ठिकाणी कमी पडतो. विनियमांनुसार लेबलवरचा मजकूर सुवाच्य तर हवाच, शिवाय तो पुसला न जाणारा हवा. मेतकुटाचे पाकीट फोडणीच्या डब्याशेजारी, तेलाच्या बरणीला खेटून, शेगडीच्या धगीत दोन-तीन महिने राहणार असते. थर्मल लेपाला नको असलेले सगळे तिथे एकत्र असते आणि सर्वांत आधी जाते ती लहान अक्षरातली तारीख. दुसरी उणीव अधिक सरळ आहे. शाकाहारी पदार्थाची खूण ही हिरव्या चौकटीतल्या हिरव्या भरीव गोलाची असते, आणि हा प्रिंटर काळ्याखेरीज दुसरा रंग छापू शकत नाही. काळी खूण छापून चालवून घेणारे व्यावसायिक मी पाहिलेले आहेत. विक्रीच्या नोंदणीत ‘फूड लेबल प्रिंटर’ असे लिहून हेच यंत्र विकणाऱ्यांनी निदान एवढे तरी सांगायला हवे.

पाकिटांसाठी आम्हाला सोयीची वाटलेली पद्धत जुनीच आहे. शहराच्या मध्यभागी पेठांमध्ये अजूनही छपाईची बरीच लहान दुकाने आहेत. तिथून रंगीत स्टिकर एकगठ्ठा छापून घ्यावेत, त्यांत न बदलणारा सगळा मजकूर आणि हिरवी खूण यावी, आणि बॅच, तारखा व किंमत यांसाठी पांढरी जागा सोडावी. त्या जागेत तारखेच्या हातशिक्क्याने काम भागते, फक्त शाई लवकर सुकणारी आणि प्लॅस्टिकवरही न पुसली जाणारी पाहून घ्यावी. नवा पदार्थ थोड्या प्रमाणात विकून पाहायचा असेल तर गमिंग शीटवर, म्हणजे मागून चिकट असलेल्या कागदावर, लेझर प्रिंटरने छापावे. टोनर पाण्याने वा तेलाने इंकजेटइतका बिघडत नाही. यासाठी जुना लेझर प्रिंटर मोडीत काढू नये.

रोजची शेकडो पाकिटे असतील तर थर्मल ट्रान्सफर नावाचा दुसरा प्रकार पाहावा. दिसायला तो असाच असतो, मात्र त्यात मेणाची किंवा रेझिनची रिबन असते, हेडच्या उष्णतेने तिच्यावरची शाई साध्या क्रोमो, म्हणजे थर्मल नसलेल्या गुळगुळीत कागदाच्या, लेबलवर उतरते आणि उष्णतेने काळा होणारा लेप कागदावर लागत नसल्यामुळे छपाई टिकते. निव्वळ मेणाची रिबन स्वस्त पण घासली की जाते, रेझिन सर्वांत टिकाऊ आणि महाग, आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांना मधली मेण-रेझिन मिश्र रिबन पुरते. अशा यंत्रांवर रिबन काढून साधी थर्मल छपाईही बहुधा करता येते, म्हणून ज्यांना दोन्ही कामे खरोखरच करायची आहेत त्यांनी पैसे साठवून थेट तेच घेणे शहाणपणाचे ठरेल.

देखभालीत आमच्यासारख्यांनी एक गोष्ट विशेष पाळावी. भाजणी, मेतकूट आणि मिरचीपूड यांची सूक्ष्म धूळ हवेत तरंगत असते आणि ती प्रिंटरच्या हेडवर व रबरी रुळावर बसते. मग छपाईत वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ येते. ती रेघ बारकोडाला आडवी छेदून गेली तर तो वाचला जाऊ शकतो, रेघांना समांतर गेली तर नाही. पाकिटे भरण्याची खोली आणि प्रिंटर यांच्यात एक दार तरी असावे, रोल बदलताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने हेड अलगद पुसावे, आणि ते सुकेपर्यंत छपाई करू नये. हेडचे आयुष्य उत्पादक किलोमीटरमध्ये सांगतात. ते तीस किलोमीटर आहे असे धरले तरी पंधरा सेंटिमीटरच्या लेबलांच्या हिशेबाने दोन लाख लेबले होतात, तेव्हा घरगुती व्यवसायात हेड झिजण्याची चिंता फारशी नाही; मळण्याची आहे. छपाईचा गडदपणा गरजेपुरताच ठेवला तर तेही कमी तापते.

खर्चाचा हिशेब थोडक्यात असा. यंत्र साडेआठ हजारांच्या आत पडले, आणि एका लेबलाला पाऊण रुपयाच्या आसपास खर्च येतो. ए४ कागदाचा चौथा हिस्सा, टोनर आणि टेप धरले तर जुनी पद्धत त्याहून थोडी स्वस्तच होती. पैसे वाचतात म्हणून हा प्रिंटर घ्यावा असे जे सांगितले जाते ते इंकजेटच्या शाईशी तुलना केली तरच खरे ठरते.

रोल घेताना दोन बाबी पाहाव्यात. एक म्हणजे मधल्या पुठ्ठ्याच्या नळीचा व्यास: लहान प्रिंटरांना एक इंची नळी लागते, कारखान्यांसाठीचे तीन इंची नळीचे रोल त्यात बसत नाहीत. आणि दुसरे, लेबल खरोखर थर्मलचे आहे की क्रोमोचे, हे नखाने ओरखडून पाहावे. थर्मल असेल तर घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटते, क्रोमो कोरेच राहते आणि प्रिंटरमध्ये घातले तरी कोरेच बाहेर येते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आम्ही पॅकिंगच्या सामानासाठी जातोच. टेप, पाउच आणि बबल रॅप घेता घेता रोलही विचारावेत आणि दुकानदारासमोर नख ओढून पाहावे. कोणी वाईट मानत नाही.

मोबाइलच्या अ‍ॅपविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. आमच्या प्रिंटरचे अ‍ॅप खाते उघडल्याशिवाय चालत नाही, स्थान आणि संपर्कयादी यांची परवानगी मागते, आणि छापायची पीडीएफ कुठून कुठे जाते हे कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. त्या पीडीएफमध्ये ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक असतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी विश्वासाने पत्ता देणाऱ्या माणसाची माहिती अशा अ‍ॅपच्या हवाली करणे मला पटत नाही. त्यामुळे आम्ही लॅपटॉप आणि यूएसबीची तार एवढ्यावरच काम करतो, आणि ब्लूटूथसाठी दिलेले जादा पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल. बिघडलेली लेबले कचऱ्यात टाकण्यापूर्वी बारीक फाडावीत. लेबलाच्या मागचा गुळगुळीत कागद सिलिकॉनचा लेप असलेला असल्यामुळे साध्या रद्दीत मिसळू नये. रोज बराच जमतो, आणि या यंत्राच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख कधी दिसत नाही.

विजेचा विचारही करावा. दुरुस्तीच्या कामांसाठी पुण्यात गुरुवारी वीज जाते तेव्हा अ‍ॅडॅप्टरवर चालणारा प्रिंटर बसून राहतो आणि कुरिअरचा मुलगा तर त्याच्या वेळेला दारात असतो. लहान इन्व्हर्टर असेल तर प्रश्न येत नाही; नसेल तर बुधवारी संध्याकाळीच लेबले काढून ठेवावीत.

दिवसाला दोन-चार ऑर्डरी असणाऱ्यांनी हा प्रिंटर घेण्याची घाई करू नये, सुवाच्य अक्षरातला हाताने लिहिलेला पत्ता पोस्ट खाते आजही आनंदाने पोहोचवते. रोज दहा-पंधरा खोके नियमाने जाऊ लागले, घरात पॅकिंगला दुसरी व्यक्ती आली, किंवा कुरिअरच्या पॅनेलवरून सगळी विक्री होत असेल, तर मात्र तो लवकर घ्यावा. घेताना दुकानात आपल्या स्वतःच्या एका ऑर्डरची पीडीएफ आणि मराठी मजकूर असलेली एक फाइल घेऊन जावे, दोन्ही समोर छापून घ्यावीत, बारकोड तिथेच मोबाइलने वाचून पाहावा, आणि हमीपत्रात हेड धरलेले आहे की वगळलेले हे पैसे देण्यापूर्वी वाचून घ्यावे.